भिंतीवरचा सातबारा

वनहक्क कायद्याच्या नियमांमध्ये तेरावा नियम पुराव्यांचा आहे. जंगलावर आपला पिढीजात हक्क आहे हे गावाने कशाकशाच्या आधारे सांगावे, याची यादी त्यात दिली आहे. गुरे चारण्याच्या जुन्या जागा, कंदमुळे आणि रानफळे गोळा करण्याचे भाग, चारा, मासेमारीच्या जागा, माणसांचे आणि गुरांचे पाणवठे, वैदूंची झाडपाला आणण्याची ठिकाणे, पवित्र झाडे, देवराया, तळी, स्मशाने. यादी कायद्याच्या कोरड्या भाषेत लिहिलेली आहे. पण ती समोर ठेवून डहाणू किंवा विक्रमगडच्या एखाद्या वारली चित्रकाराचे मोठे चित्र पाहावे. नदीत जाळे टाकणारी माणसे, डोक्यावर मोळी घेऊन निघालेल्या बाया, ताडावर चढलेला गडी, विहिरीवरची वर्दळ, वाघदेवाचे ठाणे, वारूळ, खळे, माळावर पांगलेली गुरे. नियमातली एकेक बाब चित्रात सापडत जाते. या चित्राला आपण लोककला म्हणतो, कपावर, साडीवर, लग्नपत्रिकेवर आणि सरकारी इमारतींच्या भिंतींवर ते रंगवतो आणि त्याचे कौतुकही करतो. माझे म्हणणे असे आहे की वारली चित्र हा त्या समाजाच्या जमिनीशी असलेल्या नात्याचा दस्तऐवज आहे. जंगल, खाडी किंवा डोंगर यांचे भवितव्य जिथे ठरते, तिथे तो पुरावा म्हणून मांडता आला पाहिजे. तसे होत नाही, आणि त्याला कलेपेक्षा आपली पाहण्याची सवय जास्त कारणीभूत आहे.

वारली बोलीत लग्नाचा चौक काढत नाहीत, तो 'लिहितात'. जुन्या मराठीतही चित्र लिहिण्याचाच प्रयोग होता, पण वारल्यांच्या घरी तो अजून अक्षरशः खरा आहे. गेरूने किंवा शेणमातीने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, सवाशिणी चौक लिहितात. मधोमध पालघाट ही सृजनाची देवी, भोवती झाडे, सूर्य, चंद्र, फणी, शिडी, वाजंत्री. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही आणि ते लावणारी धवलेरी ही बाईच असते. म्हणजे एका नव्या घराची सुरुवात होताना भोवतालच्या सृष्टीची हजेरी भिंतीवर घेतली जाते. धान्याची कणसरी, धरतरी, हिरवा देव, वाघदेव ही सगळी नावे शेती, जमीन आणि रान यांचीच आहेत. डोंगराआडच्या कुठल्या वेगळ्या स्वर्गात हे देव राहत नाहीत. ते शेतात, रानात आणि पाड्याच्या वेशीवर राहतात. त्यांचे ठाणे हलवले की देव हलतो असे होत नाही, ते ठाणेच नाहीसे होते. या चित्रांना पुरावा म्हणण्याचा पहिला आधार हा आहे: त्यातल्या वस्तू कल्पनेतल्या नाहीत, त्यांचा पत्ता सांगता येतो.

हे चित्र भिंतीवरून कागदावर आले ते १९७०च्या दशकात. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात गेले, त्यांनी पाड्यांवर कागद आणि रंग पोहोचवले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा बाहेरच्या जगाला दिसली. १९७६मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११मध्ये पद्मश्री आली, आणि २०१८मध्ये ते गेले. या प्रवासाने शेकडो घरांना उत्पन्नाचे साधन दिले, ते मोलाचे आहे. पण त्यात दोन गोष्टी निसटल्या. बाजारात नाव झाले ते बहुतेक पुरुषांचे, आणि चौक लिहिणाऱ्या बायका मागे राहिल्या. दुसरे म्हणजे त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन एवढीच शैली उचलून ती कशावरही छापता येऊ लागली. वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे. त्यासाठी आदिवासी युवकांच्या संघटनेने केलेली धडपड योग्यच होती. मात्र मानांकन नावाचे आणि शैलीचे रक्षण करते. चित्रातले झाड तोडले गेले, तर त्या कायद्याला त्याचे काही कर्तव्य नसते.

गंजाड ज्या डहाणू तालुक्यात आहे, त्याची कहाणी या संदर्भात नीट पाहायला हवी. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि तिथल्या उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८मध्ये याच प्राधिकरणाने डहाणूच्या किनाऱ्यावरच्या प्रस्तावित वाढवण बंदराला नकार दिला. न्या. धर्माधिकारी जानेवारी २०१९मध्ये गेले. जुलै २०२३मध्ये प्राधिकरणाने त्याच जागेवरच्या नव्या बंदराला परवानगी दिली, जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ऑगस्टमध्ये भूमिपूजन झाले. किनाऱ्यावरचे मच्छीमार, डायमेकिंगचे काम करणारे कारागीर, बागायतदार आणि आदिवासी या सगळ्यांचा विरोध वर्षानुवर्षे चालू होता. पंचवीस वर्षांपूर्वी जी जागा बंदराला अयोग्य ठरली होती, ती आता योग्य का ठरली, याची तांत्रिक उत्तरे कागदोपत्री आहेत. तिथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने काय बदलले, याचे उत्तर त्या कागदांत शोधावे लागते.

नेमक्या याच तालुक्यात गेल्या दशकभरात एक असे काम झाले आहे की ज्यात कागदांतली ही उणीव भरून काढण्याची रीत दिसते. गंजाडचे चित्रकार राजेश वांगड आणि छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१३पासून 'फील्ड्स ऑफ साइट' नावाची चित्रमालिका केली. गिल यांनी या परिसराची कृष्णधवल छायाचित्रे घेतली आणि वांगड यांनी त्यांवर वारली रेषेने लिहिले. छायाचित्रात एक उघडाबोडका डोंगर किंवा रिकामे माळरान दिसते. त्याच माळरानावर चित्रकार तिथे पूर्वी असलेले जंगल, सांगून-ऐकून आलेल्या गोष्टी, देव, दुष्काळ, कारखाना आणि तोड दाखवतो. कॅमेऱ्याला जे रिकामे वाटले ते भरलेले आहे, असे हे काम अगदी शांतपणे दाखवून देते. 'पडीक' आणि 'गायरान' हे शब्द महसुली कागदावर किती सहज उमटतात आणि त्या शब्दांनंतर जमीन कोणाकडे जाते हे ज्याला माहीत आहे, त्याला या मालिकेचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. मालिका २०१७च्या डॉक्युमेंटा या जागतिक कलाप्रदर्शनातही पोहोचली. प्रदर्शनात ती कला म्हणून पाहिली गेली, ते रास्त आहे. पण पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एखाद्या जनसुनावणीत ती जमिनीचा नकाशा म्हणून टेबलावर ठेवली गेली असती, तरी ती तितकीच योग्य जागी असती.

मुंबईच्या आरेचे उदाहरण याहून कठोर आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो-३च्या कारशेडसाठी झाडे पडू लागली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडे गेलेली होती. आरेत २७ पाडे आहेत आणि त्यांत वारल्यांची वस्ती मोठी आहे. १९४९मध्ये दुग्धवसाहत झाली त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे आहेत. तरीही सगळा वाद 'आरे हे वन आहे की नाही' या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला, जणू वन असते ते फक्त वनखात्याच्या नोंदीत. आरेतले प्रकाश भोईर आणि 'स्वदेशी' या मुंबईच्या रॅप गटाने केलेले 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे, पाड्यांच्या भिंतींवरची चित्रे, वाघोबाची म्हणजे वाघदेवाची पूजा हे सगळे त्या वादात 'भावना' म्हणून बाजूला पडले. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्रातल्या वारल्यांच्या वाघोबाची १५० ठाणी संशोधकांनी नोंदवली आणि बिबट्याबरोबर राहण्याची या समाजाची रीत त्या ठाण्यांशी कशी जोडलेली आहे ते दाखवले. मुंबई हे महानगराच्या हद्दीत मोकळे बिबटे असलेले शहर आहे. त्या बिबट्यांशी माणसाने कसे वागावे याचे शहाणपण ज्या चित्रात आणि ठाण्यात साठलेले आहे, त्याला भावना म्हणणे हा शहराने स्वतःचाच केलेला तोटा आहे. दरम्यान प्रजापूरपाड्यातली कुटुंबे कारशेडसाठी हलवली गेली आणि इमारतींतल्या खोल्यांत आली. लग्नाचा चौक लिहायला लागते ती मातीची भिंत त्या खोल्यांना नाही.

चित्र पुरावा म्हणून मांडले गेले आणि त्याने कायदा हलवला, असे जगात कुठे घडले आहे का? ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्न्हेम लँड प्रदेशात योल्ङू लोक राहतात. १९६३मध्ये तिथल्या सरकारने त्यांच्या राखीव प्रदेशातून तीनशेहून अधिक चौरस किलोमीटर जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली. विचारणे दूरच, त्यांना नीट सांगितलेही नव्हते. यिर्कला गावच्या वडीलधाऱ्यांनी संसदेला निवेदन पाठवले. ते आपल्या भाषेत आणि इंग्रजीत टंकलेले होते, पण कागद चिकटवला होता झाडाच्या सालीवर, आणि सालीच्या कडांवर कुळांची पवित्र चित्रे होती. जमीन कोणाची, तिच्यावर कोणाची जबाबदारी, हे त्यांच्या रिवाजात ती चित्रेच सांगतात. मजकूर संसदेच्या कायद्याच्या भाषेत आणि चौकट त्यांच्या स्वतःच्या कायद्याच्या भाषेत, असा तो अर्ज होता. ऑगस्ट १९६३मध्ये तो संसदेपुढे आला आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली. खाण थांबली नाही. १९७१मध्ये न्यायालयातही ते हरले, कारण त्यांच्या जमिनीच्या नात्याला इंग्रजी मालमत्ता कायद्यात जागा नव्हती. पण त्या हरण्याने एवढी अस्वस्थता निर्माण झाली की १९७६मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी भूमिहक्क कायदा आला. याच लोकांनी १९९०च्या दशकात, समुद्रकाठच्या एका पवित्र जागी बेकायदा मासेमारांचा तळ सापडल्यावर, सालीवर ८० चित्रे काढली. प्रत्येक चित्रात किनाऱ्याचा एकेक भाग आणि त्याचे मालक कूळ होते. २००८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने भरती-ओहोटीच्या पट्ट्यावर त्यांचा हक्क मान्य केला. आणि मार्च २०२५मध्ये त्याच न्यायालयाने, ज्या जमिनीसाठी १९६३चा अर्ज होता त्याच भागातल्या हिरावलेल्या हक्कांबद्दल योल्ङूंचे एक कूळ भरपाई मागू शकते, असा निकाल दिला. वाळवंटी भागात तर चाळीसहून अधिक चित्रकारांनी १९९७मध्ये आठ बाय दहा मीटरचे एकच चित्र आपला दावा म्हणून न्यायाधिकरणापुढे जमिनीवर अंथरले. आपापल्या पाणवठ्याच्या चित्रावर उभे राहून ते साक्ष देत होते. त्यांचा हक्क २००७मध्ये मान्य झाला.

हा इतिहास यशाचाच आहे असे मी म्हणत नाही. पहिल्या अर्जापासून ताज्या निकालापर्यंत ६१ वर्षे गेली, अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही ते पाहायला उरले नाही, आणि बॉक्साइट निघून गेले. मात्र यातून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. ज्या समाजाच्या हक्काची नोंद कागदावर नसून रेषेत, गाण्यात आणि ठाण्यात आहे, त्याच्याकडे कागद मागणे म्हणजे त्याचा दावा ऐकण्याआधीच नाकारणे होय. सातबारा हा महसुलासाठी जन्माला आला. रानाशी असलेल्या नात्याचा त्याने कधी विचार केलेला नाही.

या विचारावर पहिला आक्षेप कलाप्रेमींकडून येतो. चौक पवित्र आहे, विवाहविधीचा भाग आहे, त्याला आंदोलनाच्या फलकावर आणणे म्हणजे परंपरेची विटंबना, असे ते म्हणतात. आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो उशिरा आला आहे. हे चित्र चहाच्या कपावर आले तेव्हा परंपरेची काळजी इतक्या जोरात व्यक्त झाली नव्हती. शिवाय लग्नाचा चौक मोर्चाच्या फलकावर काढा, असे कोणी म्हणतही नाही. गावाचे आणि रानाचे व्यवहार दाखवणारी मोठी चित्रे गेल्या पन्नास वर्षांतली आहेत, ती चित्रकारांनी स्वतः घडवली आहेत, आणि त्यांत काय यावे हे त्यांनीच ठरवायचे आहे. रेल्वे, मोटार, कारखाना त्यांच्या चित्रांत केव्हाच आले. मग बुलडोझर आला की परंपरा बिघडते कशी? १९४५मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या आणि तलवाड्याच्या गोळीबारात माणसे गमावलेल्या समाजाला, तुमची रेघ फक्त तारपा नाचण्यापुरती ठेवा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेट्रो लाखो लोकांना लोकलच्या दारात लटकण्यापासून वाचवते, धूर कमी करते. बंदरातून रोजगार येतो. पालघरच्या आदिवासी तरुणालाही पगार हवा आहे, रस्ता हवा आहे, दवाखाना हवा आहे. हे सगळे खरे आहे आणि ते नाकारून पर्यावरणाची बाजू मांडता येत नाही. कुपोषणाने ज्या जव्हार-मोखाड्याचे नाव वारंवार बातम्यांत आले, तिथल्या माणसाला 'तू जसा आहेस तसाच सुंदर आहेस' असे सांगणे क्रूरपणाचे होईल. पण प्रश्न ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूचा आहे. प्रकल्पाच्या अहवालात झाडे मोजली जातात आणि त्यांच्या बदल्यात कुठेतरी लावायची रोपे मोजली जातात. घरे मोजली जातात आणि बदल्यात द्यायच्या खोल्याही मोजल्या जातात. वाघोबाचे ठाणे, कंद काढण्याची टेकडी, ओहोटीला उघडी पडणारी मासळीची जागा यांचा रकानाच नाही. एक बाजू कोटींत लिहायची आणि दुसरी लिहायचीच नाही, मग वजाबाकी कशी बरोबर येणार? चित्र पुरावा म्हणून स्वीकारले तर प्रकल्प रद्दच होतील असे नाही. काही होतील, काहींची जागा बदलेल, काही अधिक प्रामाणिक अटींवर उभे राहतील. निदान निर्णय घेणाऱ्याला आपण काय देऊन काय घेतो आहोत ते समोर दिसेल.

तिसरा प्रश्न वकिली आहे: चित्र तर कोणीही काढील, त्यावर विसंबायचे कसे? याचे उत्तर कायद्यातच आहे. तेराव्या नियमानुसार एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे असतात. वडीलधाऱ्या माणसांचे लेखी घेतलेले कथन हाही त्यात पुरावा आहे. २०१२च्या दुरुस्तीने तर असेही स्पष्ट केले की उपग्रहाची छायाचित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरतील, त्यांची जागा घेणार नाहीत. म्हणजे आकाशातून घेतलेल्या चित्रापेक्षा जमिनीवर राहणाऱ्याची साक्ष कायद्याने कमी मानलेली नाही. चित्र, त्यातल्या प्रत्येक जागेची शिवारफेरी, वडीलधाऱ्यांचे कथन आणि ग्रामसभेचा ठराव हे एकत्र ठेवले तर त्याला कल्पनाविलास म्हणणे कठीण जाईल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९मध्ये मिळवला तो ग्रामसभेच्या अशाच चिवट कामावर. ओडिशातल्या नियमगिरीच्या बाबतीत १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरच्या श्रद्धेचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. तिथल्या डोंगरिया कोंध बायका आपल्या शालींवर जे त्रिकोण भरतात ते त्या डोंगरांचे असतात. त्या शालीला २०२४मध्ये जीआय मानांकन मिळाले. डोंगर तोवर टिकला होता, म्हणून.

पालघर जिल्ह्यातले डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभा आहेत, वनहक्क समित्या आहेत. आरे अनुसूचित क्षेत्रात नाही, पण वनहक्क कायद्याला त्याची अट नाही. नवा कायदा कुठेच लागत नाही. सामूहिक वनहक्काचे दावे तयार करताना गावातल्या चित्रकाराला समितीबरोबर बसवावे, शिवारफेरीत त्याने जागा लिहून घ्याव्यात, त्या चित्रावर ग्रामसभेने ठराव करावा आणि जिल्हास्तरीय समितीने ते दाव्याचा भाग म्हणून दाखल करून घ्यावे, एवढेच अपेक्षित आहे. सुरुवात मात्र नावाजलेल्या चित्रकारांपासून न करता चौक लिहिणाऱ्या आणि लग्न लावणाऱ्या जुन्या बायांपासून करायला हवी. चौकातले कोणते झाड कुठल्या शिवारातले, कणसरी कोणत्या खळ्यावर आणतात, वाघबारशीला कुठे जातात, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचे कथन आजवर संशोधकांनी पुस्तकांसाठी घेतले. ते सरकारी शिक्क्यानिशी दाव्याच्या फाइलमध्ये जायला हवे, आणि त्या बायांचे वय पाहता या पावसाळ्याआधी.